दिवा बदलला की वस्तूचा रंग का बदलतो? घरी आणि वर्गात करून बघायचे प्रयोग

‘वस्तू ज्या रंगाचा प्रकाश परावर्तित करते तो तिचा रंग’ हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला विचारा, लिंबू कोणता प्रकाश परावर्तित करतं? उत्तर येतं, पिवळा. हे उत्तर अपुरं आहे आणि पुढची बहुतेक गडबड इथूनच सुरू होते. लिंबू हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा सगळा प्रकाश परत पाठवतं. शोषून घेतं ते फक्त निळा-जांभळा. पांढऱ्यातून निळा काढून घेतला की जे उरतं, ते आपल्याला पिवळं दिसतं.

म्हणून रंगाबद्दल काहीही ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने. दिव्याच्या प्रकाशात काय काय आहे? आणि त्यातलं वस्तू काय काढून घेते? पहिला प्रश्न गाळला की प्रयोगही फसतो आणि दुकानातली खरेदीही. खालच्या पायऱ्या त्या क्रमानेच लावल्या आहेत. पहिल्या दोन एका दुपारी होतात. तिसरीला थोडी कारागिरी लागते, पण ती टाळू नका, कारण शोषण डोळ्यांनी दिसतं ते तिथे बनवलेल्या यंत्रातूनच.

काय काय लागेल

- बुटांचे दोन रिकामे खोके (साधारण ३० सेंमी लांब, १८ सेंमी रुंद), काळा कार्डशीट कागद, पॅकिंग टेप
- मोबाइल (स्क्रीन हाच आपला रंगीत दिवा)
- एक सीडी-आर, म्हणजे रेकॉर्ड करता येणारी सीडी; डीव्हीडी चालणार नाही
- दाढीच्या ब्लेडची दोन पाती
- पिकलेला टोमॅटो, पिवळंधमक लिंबू, पोपटी रंगाची क्लिप किंवा झाकण, निळं पेनाचं टोपण, पांढरा कागद, काळं बटण
- हळद, पालक, खायचा चुना, मीठ, औषधाच्या दुकानात मिळतं ते सर्जिकल स्पिरिट
- जुना फिलामेंटचा बल्ब मिळाला तर उत्तम. एक एलईडी बल्ब घरात असतोच

जिलेटिन कागद यादीत मुद्दाम नाही. त्याचं कारण दुसऱ्या पायरीत येईल.

१. अंधारा खोका तयार करा

एका खोक्याला आतून काळा कागद लावा, झाकणालाही. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बरेच जण सोडून देतात. पण आतल्या भिंती पांढऱ्या किंवा खाकी राहिल्या तर वस्तूवर दिव्याचा प्रकाश पडतोच, शिवाय भिंतींवरून उसळलेलाही पडतो, आणि मग आपण नेमकं काय पाहतोय ते कळत नाही.

झाकणाला मोबाइलच्या स्क्रीनपेक्षा किंचित लहान आयताकृती खिडकी कापा. मोबाइल तिच्यावर पालथा ठेवायचा. एका अरुंद बाजूला डोळ्यासाठी दीड सेंटिमीटरचं भोक पाडा. डोळा भोकाला चिकटवून पाहायचं आणि दुसरा डोळा हाताने झाकायचा. कडांमधून बाहेरचा उजेड येत असेल तर तिथे टेप लावा. खोलीतल्या पांढऱ्या उजेडाची एक तिरीप आत आली तरी निकाल बिघडतो.

प्रकाश फार मंद ठेवू नका. अगदी कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी काम करत नाहीत, फक्त दंडपेशी करतात, आणि सगळं करडं दिसू लागतं. तो दोष वस्तूचा नाही आणि दिव्याचाही नाही. स्क्रीनची ब्राइटनेस पूर्ण वाढवा.

२. एकेका रंगाच्या उजेडात तीच वस्तू पाहा

मोबाइलमध्ये तीन चित्रं तयार करून ठेवा: संपूर्ण लाल, संपूर्ण हिरवं आणि संपूर्ण निळं. चित्रकलेच्या कुठल्याही अॅपमध्ये लाल २५५ आणि बाकी दोन शून्य, असे आकडे देऊन ती बनवता येतात. मोबाइलचा नाइट मोड किंवा डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड आधी बंद करा.

आता वस्तू खोक्यात ठेवायच्या आधी वहीत अंदाज लिहून घ्या. कोणती उजळ दिसेल, कोणती काळी. आधी लिहिलं नाही तर पाहिल्यावर सगळ्यांनाच ‘मला माहीत होतं’ वाटतं.

लाल उजेडात टोमॅटो आणि पांढरा कागद यांतला फरक जवळपास मिटतो. दोघेही लाल आणि उजळ. लिंबूही उजळ लाल. पोपटी क्लिप आणि निळं टोपण काळपट. हिरव्या उजेडात टोमॅटो काळवंडतो, पण लिंबू अजूनही उजळच, आता हिरवं. निळ्या उजेडात टोमॅटो आणि लिंबू दोन्ही काळी पडतात, टोपण उठून दिसतं. लिंबू तीनपैकी दोन दिव्यांत उजळ राहिलं आणि एकातच विझलं, ही नोंद वहीत ठळक करा. सुरुवातीला जे लिहिलं त्याचा हा पुरावा आहे.

हा प्रयोग जुना आहे. आयझॅक न्यूटनने १६७२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात शेंदूर आणि एक निळी पूड वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात धरल्याचं लिहिलं आहे. ज्या रंगाचा प्रकाश टाकावा त्या रंगाची वस्तू दिसते, पण दिवसाउजेडी ती ज्या रंगाची दिसते त्या रंगाच्या प्रकाशात ती सर्वांत उजळ दिसते, हे त्याचं निरीक्षण. तुम्ही मात्र शेंदूर वापरू नका. पारंपरिक शेंदरात शिसं असतं.

इथे फसवणाऱ्या तीन गोष्टी:

हिरवी मिरची वापरली तर ती हिरव्या उजेडातही फारशी उजळत नाही आणि मुलं म्हणतात नियम चुकला. गडद हिरवा म्हणजे हिरव्या प्रकाशाचाही बराचसा भाग शोषलेला. इतरांपेक्षा तो जरा जास्त परत येतो एवढंच. म्हणून यादीत पोपटी क्लिप आहे.

हायलायटरने रंगवलेला कागद निळ्या उजेडात काळा पडत नाही, उलट हिरवट-पिवळा चमकतो. त्यातलं द्रव्य निळा प्रकाश शोषतं आणि त्याच्या बदल्यात जास्त तरंगलांबीचा, म्हणजे लालकडच्या बाजूचा प्रकाश बाहेर टाकतं. हे परावर्तन नाही, प्रतिदीप्ती आहे. निऑन रंगाच्या वस्तू या प्रयोगातून बाजूला ठेवा आणि शेवटी वेगळ्या दाखवा.

आणि जिलेटिन कागद. सजावटीच्या दुकानातला लाल कागद बरा असतो, पण निळ्यातून लालही गळतो. मग ‘निळ्या’ उजेडात टोमॅटो जांभळा दिसतो. तोच वापरायचा असेल तर दोन-तीन घड्या घाला आणि तिसऱ्या पायरीतल्या यंत्रातून तपासून घ्या. मोबाइलची स्क्रीन यापेक्षा खूपच विश्वासार्ह.

३. प्रकाश उलगडून पाहण्याचं यंत्र बनवा

आधी सीडी पारदर्शक करायची. छापील बाजूवर ब्लेडने एक ओरखडा काढा, त्यावर पॅकिंग टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चंदेरी थर टेपबरोबर निघून येतो. उरलेला हिरवट-निळा रंग स्पिरिटने पुसा. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून तिथे टेप काही करत नाही. स्वच्छ झालेल्या सीडीत डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात, दोन खाचांत १.६ मायक्रोमीटर अंतर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ६२५.

दुसऱ्या खोक्याच्या एका अरुंद बाजूला, डोळ्याच्या बाजूने पाहताना डावीकडे येणाऱ्या कडेपासून ३ सेंमीवर, २ सेंमी उंचीची उभी फट करा. कागदाची फट खडबडीत राहते, म्हणून तिच्यावर ब्लेडची दोन पाती समोरासमोर चिकटवा. मध्ये एक पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकीच जागा. ब्लेड मोठ्यांनीच लावायचं. समोरच्या अरुंद बाजूला, फटीच्या बरोबर समोर, दीड सेंटिमीटरचं भोक पाडा आणि त्यावर बाहेरून अख्खी सीडी चिकटवा. सीडी कापायला जाऊ नका, तिला तडे जातात. सीडीचं मधलं छिद्र आणि आपलं भोक एकाच आडव्या रेषेत हवं. तसं असलं की भोकासमोरच्या खाचा उभ्या, फटीला समांतर येतात. वर्णपंक्ती, म्हणजे उलगडलेल्या रंगांचा पट्टा, पसरट किंवा तिरकी दिसली तर नव्वद टक्के वेळा चूक इथेच असते.

फट दिव्याकडे करा, सीडीतून आत पाहा, पण सरळ फटीकडे नाही. नजर उजवीकडे वळवा. ३० सेंमी लांबीच्या खोक्यात समोरच्या भिंतीवर फटीपासून साधारण ८ सेंमीवर जांभळा सुरू होतो आणि १४-१५ सेंमीवर लाल संपतो. म्हणूनच फट एका कडेला हवी होती. फट मधोमध घेतली तर लाल टोक भिंतीबाहेर जातं.

सूर्याकडे हे यंत्र कधीही धरू नका. उजेडासाठी आभाळाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे धरा.

आता घरातले दिवे एकेक करून पाहा. फिलामेंटच्या बल्बचा पट्टा अखंड, लालकडे दणकट, निळ्याकडे फिका. जुन्या ट्यूबलाइटचे सुटे सुटे पट्टे, त्यात ५४६ नॅनोमीटरची (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) पाऱ्याची हिरवी रेघ सर्वांत ठसठशीत. पांढऱ्या एलईडीत एक तेजस्वी निळा पट्टा, साधारण ४५० नॅनोमीटरचा. मग एक अंधूक खळगा, तिथे निळा-हिरवा हवा होता. आणि मग हिरव्यापासून लालपर्यंतचा रुंद पट्टा. कारण एलईडीतली चकती मुळात निळीच असते आणि तिच्यावरचं पिवळं फॉस्फर त्यातला काही निळा शोषून उरलेले रंग बनवतं. डोळ्याला तिन्ही दिवे ‘पांढरे’. आतून तिन्ही वेगळे.

मोबाइलवर पिवळं चित्र लावून पाहायला विसरू नका. पट्ट्यात लाल आणि हिरवा दिसतो, पिवळ्याच्या जागी जवळपास काही नाही. डोळ्यात तीनच प्रकारच्या शंकूपेशी आहेत. लाल आणि हिरवा योग्य प्रमाणात आला की मेंदू पिवळा म्हणतो.

४. मिठाची ज्योत: एकाच रंगाचा दिवा

हे वर्गात करायचं तर शिक्षकांनी, घरी मोठ्यांनी. जाड लोखंडी तारेचं टोक वळवून त्यावर मिठाचा ओला गोळा बसवा आणि गॅसच्या निळ्या ज्योतीच्या कडेला धरा. तार पकडीत धरा. कोरडं मीठ तडतडून उडतं, म्हणून ओलं. पंखा बंद, खोली पूर्ण अंधारी, आजूबाजूला स्पिरिट नको.

ज्योत पिवळी होते. सोडियमचा हा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन अगदी जवळच्या रेघांचा, बाकी काही नाही. आपल्या यंत्रात तो फटीपासून सुमारे ११.९ सेंमीवर एका रेघेसारखा दिसतो. भिंतीवर तिथे खूण करा, तुमच्या यंत्राला मापाचा पहिला बिंदू मिळाला.

या उजेडात रंगीत खडूंची पेटी उघडा. एकही रंग ओळखता येत नाही. पिवळट आणि काळा, आणि मधल्या छटा. लाल खडू लाल का दिसत नाही? दिव्यात लाल नाहीच, तर तो परत काय पाठवणार? मग पेटी तशीच ठेवून खोलीतला दिवा लावा. मुलांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

५. शोषण प्रत्यक्ष पाहा: हळद आणि पालक

फिलामेंटचा बल्ब लावा, त्याच्या आणि फटीच्या मध्ये काचेचा छोटा, पातळ ग्लास धरायचा.

हळद: ५० मिली स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद ढवळून गाळून घ्या. गढूळ द्रावण नको. गढूळपणा प्रकाश विखुरतो आणि सगळा पट्टाच मंद करतो. निवळ द्रावणातून पाहिलं तर वर्णपंक्तीचं जांभळं-निळं टोक कापल्यासारखं गायब, बाकी सगळं जागच्या जागी. हळदीतलं कर्क्युमिन ४२० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक शोषतं.

आता त्यात चुन्याच्या निवळीचे थेंब टाका. द्रावण लाल होतं. पुन्हा यंत्रातून पाहा: कापलेली हद्द निळ्यातून हिरव्याकडे सरकली आहे. आम्ल-अल्कली बदलल्यावर रेणूचं रूप बदललं आणि तो कोणता प्रकाश शोषतो तेही बदललं. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल का होतो, त्याचं उत्तर हेच. लिंबू पिळलं की पिवळा परत येतो.

पालक: दहाएक पानं खलबत्त्यात चांगली चेचून ५० मिली स्पिरिटमध्ये टाका, दहा मिनिटांनी गाळा. मिक्सर वापरू नका. स्पिरिटची वाफ आणि मोटरची ठिणगी हा धोका कशाला पत्करायचा? ज्योतीचा प्रयोग आणि हा प्रयोग एकाच वेळी, एकाच ओट्यावर करू नका. द्रावणातून पाहिलं की निळं टोक जातं आणि लाल भागातही, ६६० नॅनोमीटरच्या आसपास, एक काळा पट्टा पडतो. हरितद्रव्य दोन्ही बाजूंनी प्रकाश घेतं, हिरवा मध्ये उरतो. द्रावण गडद असेल तर पट्टा रुंद होऊन सगळा लाल खातो. स्पिरिट घालून पातळ करत जा, पट्टा बारीक होताना दिसतो. याच द्रावणावर अंधारात निळा किंवा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर ते रक्तासारखं लाल चमकतं. शोषलेली ऊर्जा अशी परत येते.

६. रंग मिसळणं आणि प्रकाश मिसळणं वेगळं ठेवा

पोस्टर कलरमध्ये पिवळा आणि निळा मिसळला की हिरवा. पण पिवळा आणि निळा प्रकाश भिंतीवर एकत्र पाडला की पांढरट. पिवळं रंगद्रव्य निळा प्रकाश खातं, निळं रंगद्रव्य लाल-नारिंगी खातं, दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. रंगद्रव्यं मिसळताना प्रत्येक जण वजाबाकी करतो, म्हणून पाच-सहा रंग एकत्र केले की राखाडी-तपकिरी चिखल होतो. छपाईत लाल-पिवळा-निळा नव्हे तर सायन (हिरवट-निळा), मॅजेन्टा, पिवळा आणि वर काळा वापरतात. मॅजेन्टा म्हणजे आपला राणी रंगच. तो फक्त हिरवा खातो.

७. कपड्याचा रंग जुळवताना

वरचं सगळं समजलं की मॅचिंग सेंटरमधली फसगत का होते ते सांगावं लागत नाही. साडी आणि ब्लाउज पीस यांचे रंग एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि कार्यालयात गेल्यावर एक तांबूस, एक जांभळट दिसतं. दोन्ही कपड्यांची रंगद्रव्यं वेगळी असतात, त्यांची शोषणाची जागा वेगळी असते. एका विशिष्ट दिव्यात त्यांची बेरीज योगायोगाने सारखी आली एवढंच. रंगाऱ्यांच्या आणि कापड गिरण्यांच्या भाषेत याला मेटॅमेरिझम म्हणतात.

म्हणून हे करा:

साडीच न्या, फोटो नाही. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्या रंगाचा हिशेब आपोआप बदलतो.

दोन्ही कापडं दुकानाबाहेर सावलीत, मोकळ्या आभाळाखाली धरा. लाल-पिवळ्या ताडपत्रीखाली नाही. तिच्यातून गाळून आलेल्या उजेडात लाल रंग उगाच खुलतो. फळवाल्यांच्या ताडपत्रीखालचं कलिंगडही याच कारणाने जास्त पिकलेलं वाटतं.

मग पिवळसर दिव्याखाली पाहा. दुकानात बहुधा ६५०० केल्विनचे थंड पांढरे एलईडी असतात, समारंभात २७०० ते ३००० केल्विनचे उबदार. दोन्हींत जुळलं तरच घ्या. मरून, जांभळा, मोरपंखी आणि करड्याच्या छटा यांत फरक सर्वांत जास्त पडतो.

दोन्ही कापडं एकाच सपाट जागी, एकमेकांवर कड ठेवून पाहा. रेशमाच्या चकाकीतून येणारा प्रकाश पृष्ठभागावरूनच उसळलेला असतो, तो रंगद्रव्यापर्यंत पोचलेलाच नसतो. त्याचा रंग दिव्याचा, कापडाचा नाही. कापड तिरकं करून ही चकाकी टाळा. धूपछाँव पैठणीत ताणा आणि बाणा वेगवेगळ्या रंगांचे असल्याने कोन बदलला की रंग बदलतो. अशा साडीला अस्तर आणि ब्लाउज निवडताना ती नेसल्यासारखी उभी धरून समोरून पाहा, टेबलावर पसरून नाही.

दोरा घेताना रिळावरचा रंग पाहू नका. रिळावर प्रकाश अनेक पदरांत अडकून पुन्हा पुन्हा शोषला जातो, म्हणून तो गडद दिसतो. एक पदर उलगडून कापडावर आडवा टाका. ओल्या कापडाचंही तेच: पाण्यामुळे धाग्यांवरून विखुरणं कमी होतं, प्रकाश आत खोल जातो, जास्त शोषला जातो. धुतलेला नमुना पूर्ण वाळल्याशिवाय जुळवू नका.

पांढऱ्यावर पांढरं जुळवणं सर्वांत अवघड. कपड्यांत आणि धुण्याच्या पावडरीत उजाळा देणारी द्रव्यं असतात; ती उन्हातला अल्ट्राव्हायोलेट शोषून निळा प्रकाश टाकतात. एलईडीत अल्ट्राव्हायोलेट जवळपास नसतो, म्हणून दुकानात सारखी दिसणारी दोन पांढरी कापडं खिडकीशी नेली की एक निळसर, एक पिवळट निघतं.

घरात शिलाईची किंवा रंगकामाची जागा असेल तर बल्बच्या खोक्यावर सीआरआय हा आकडा बघा; त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. ८० सर्रास मिळतो. रंग जुळवायचे तर ९० किंवा वर घ्या. हा आकडा आठ फिकट नमुन्यांच्या सरासरीवर निघतो आणि त्यात गडद लाल नसतो. कंपनीने आर-नऊ हा आकडा वेगळा दिला असेल तर तोही पाहा; तो लालचा आहे, आणि आपल्याकडच्या साड्यांत लाल किती असतो ते वेगळं सांगायला नको.

८. जिथे ही पद्धत लागू पडत नाही

मोरपिसाचा निळा-हिरवा शोषणातून येत नाही. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिनच्या काड्यांची अतिशय नियमित जाळी असते आणि तिच्यावरून परतणाऱ्या लहरी ठरावीक रंगातच एकमेकींना बळ देतात. ओळखायची सोपी खूण: पीस फिरवलं की रंग सरकतो, आणि उजेडासमोर धरून आरपार पाहिलं की निळा जातो, तपकिरी उरतो. साबणाचा फुगा आणि तुमची ती सीडी याच जातीतली.

सोनं आणि तांबं यांचं आणखी वेगळं. प्लॅस्टिकच्या सोनेरी नसलेल्या, साध्या पिवळ्या बांगडीवर दिव्याचं प्रतिबिंब पांढरं पडतं. सोन्याच्या बांगडीवर तेच प्रतिबिंब पिवळं. सोन्याचा पृष्ठभागच निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे तिथे चकाकीलाही रंग असतो. दोन्ही बांगड्या खिडकीजवळ शेजारी ठेवून मुलांना फक्त चकाकीचा ठिपका पाहायला सांगा, बाकी बांगडी कागदाने झाकून.